अष्टमीची मोजणी

पेणच्या जुन्या हायवेचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला आत जाते. घरच्यांना आता हे पाठ झालंय. नवरा रिटायर झाल्यापासून त्याला रस्त्यांवर बोलायची फार हौस. खड्डे, दुभाजक, कंत्राटदार, एकेकाला तो ओटीवर बसून फैलावर घेतो. मी त्यात पडत नाही. त्या रस्त्याचा नकाशा माझ्या हातचा आहे आणि त्यात जे नाही ते माझ्यामुळे नाही. त्याला हे ठाऊक आहे, म्हणून मी उठले की तोही आवाज खाली आणतो.

मी आरेखक. निडीजवळच्या आमच्या गावात भात आणि वाल सोडून दुसरं काही पिकत नव्हतं. मला मात्र शेतापेक्षा शेताच्या नकाशाचं वेड. आयटीआयचा कोर्स करून पेणमध्ये रस्त्यांची कामं आखून देणाऱ्या एका लहान ऑफिसात लागले आणि तिथेच केस पिकले. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईने, मग कॉम्प्युटरवर. माझी रेघ सरळ, अक्षर छापल्यासारखं आणि स्वभाव तिरसट. माझ्या कामात चूक दाखवायची ऑफिसात कुणाची हिंमत नव्हती. ही फुशारकी नव्हे. कुणीतरी दाखवायला हवी होती.

माझी मोठी बहीण पेणच्या पश्चिमेला, खाडीकडच्या गावात दिलेली. आम्ही तिला बाय म्हणायचो. लग्न झालं तेव्हा तिच्या सासरी खाडीच्या बांधाआड चांगली भातशेती होती. पुढे एका पावसाळ्यात बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि जमीन गेली ती गेलीच. सासरा मिठागरावर कामाला जाऊ लागला, भावोजींनी खाडीत जाळं लावायला घेतलं आणि बायने डोक्यावर पाटी घेतली. कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या, नशीब असलं तर एखादा जिताडा. जाळ्यातून निघालेलं ताजं ताजं ती आणि गावातल्या आणखी बायका चालत पेणच्या बाजारात आणायच्या. खाडीकडचा रस्ता हायवेला मिळतो तिथे तिठा आहे. तो ओलांडला की बाजार. आमचं ऑफिस तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर. बाजार उरकला की बाय ऑफिसच्या मागच्या दाराशी यायची, पानात बांधलेली मूठभर कोळंबी माझ्या हातात द्यायची आणि मला न्याहाळून म्हणायची, "रेघा मारून मारून तूच रेघ झालीस गो."

ती रोज येत नसे. काही दिवस सलग यायची, मग काही दिवस गायब. मला वाटायचं, घरात काही काम निघालं असेल. कधी विचारलं नाही.

बायपासचं ठरलं तेव्हा गावातून जाणारा हायवेचा तुकडा नव्याने आखायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. त्यासाठी पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आला. आम्ही त्याला साहेब म्हणायचो, तो मला मॅडम म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्याने टेबलावर कागद पसरला आणि म्हणाला, "आजपर्यंत आपण रस्ता गाड्यांसाठी काढला, मॅडम. आता आधी चालणारा माणूस, मग सायकलवाला, मग एसटी. त्यातून उरेल त्या जागेत गाड्या." मी मनात म्हटलं, झालं, आलं एक पुस्तकी प्रकरण.

पण काढायला बसले आणि हरखून गेले. दोन्ही बाजूंना ऐसपैस फुटपाथ. त्याच्या कडेने करंज आणि ताम्हणाच्या ओळी. सायकलला वेगळा पट्टा. धाटावच्या कंपनीची बस जिथून शिफ्टची माणसं उचलते तिथे एक शेड आणि बाक. माझ्या नवऱ्याने अर्धं आयुष्य त्या जागी ट्रकची धूळ खात बस धरलेली, म्हणून ती शेड मी जरा लांबलचकच काढली. इतकी वर्षं मी रस्ते काढत होते, पण त्यावर माणसं असतात हे माझ्या नकाशात कधी दिसलं नव्हतं. त्या दिवसांत मी ऑफिसला लवकर जायची. खूश होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

साहेब म्हणाला, रोज रस्ता ओलांडणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा, काय हवंय. मी बायला मागच्या दाराशी बसवलं, चहा दिला आणि विचारलं.

"डोक्यावर पाटी असली का मान वलवता येत नाय गो," बाय म्हणाली. "आख्खा अंग फिरवायला लागतो. अंग फिरवून बघंतवर गाडी येऊन उभी."

"मग काय पायजे तुला?"

तिने बशी खाली ठेवली. "मधी उभं ऱ्हायला जागा. आनि तिथं खांद्याएवढा एक कट्टा. पाटी टेकवली का मान मोकली व्हईल, पल्याडच्या गाड्या बघता येतील. खाली ठेवून नाय चालत. खाली ठेवली तर परत डोईवर द्यायला मानूस लागतो."

मी तो कट्टा काढला. तिठ्यावर रुंद क्रॉसिंग, दुभाजकात तीन-चार बायकांना उभं राहता येईल एवढी मोकळी जागा आणि तिच्यात खांद्याइतक्या उंचीचा दगडी कट्टा. साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "हे कुठल्याच पुस्तकात नाही, मॅडम." बायला मी प्रिंट दाखवली. तिला नकाशा कळत नव्हता. मी बोट ठेवून म्हटलं, ही तू. तिने आधी आपलं ओलं बोट पदराला पुसलं आणि मग त्या ठिपक्यावर टेकवलं. "ही मी?" म्हणाली आणि हसली.

मग लोकांच्या हरकती आल्या. दुकानापुढे गाडी लागत नसेल तर गिऱ्हाईक येईल कशाला, म्हणून झाडांच्या ओळी गेल्या. झाडं गेल्यावर सायकलचा पट्टा कुणासाठी, म्हणून तोही गेला. शेड राहिली, पण तिचा बाक गेला. दर बैठकीनंतर साहेब परत येऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढायचा आणि मी काहीतरी पुसायची. शेवटी वाद उरला तो क्रॉसिंगचा. आम्ही तीन दाखवली होती: एसटी स्टँडपाशी, शाळेपाशी आणि तिठ्यावर. वरून उत्तर आलं की दुभाजक शक्यतो अखंड ठेवावा, माणसं खरोखर ओलांडतात तिथेच तोडावा, सोबत मोजणी जोडावी.

मोजणीचे दिवस निवडायचं काम साहेबाने माझ्यावर टाकलं. "सण नको, बाजार बंद असेल तो दिवस नको. अगदी साधे तीन दिवस बघा. इथलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेतलं. अमावस्या जवळ आली होती. अमावस्येला नवं काम सुरू करायला जीपचा ड्रायव्हर तयार नव्हता आणि मोजायला रोजावर घेतलेली माणसंही नव्हती. त्यांना कशाला नावं ठेवू, आमच्या घरीही अमावस्येला नांगर बाहेर निघत नसे आणि माझ्याही हाडात ते मुरलेलं. पौर्णिमेला माझ्या घरी सत्यनारायण. म्हणून मी मधले दिवस धरले. सप्तमी, अष्टमी, नवमी. ना इकडचं ना तिकडचं काही, अगदी सपाट दिवस. त्यांच्याभोवती लाल पेनाने गोल केले आणि आपण किती नीट विचार केला म्हणून मला बरंही वाटलं.

मोजणीचे कागद आले. एसटी स्टँडचं पान भरलेलं. शाळेचं पान भरलेलं. तिठ्याच्या पानावर मात्र सकाळच्या रकान्यात चार-दोन रेघा, त्यासुद्धा दूधवाल्याच्या नि पोस्टमनच्या असाव्यात. पाटीवाल्या बायकांसाठी साहेबाने मुद्दाम वेगळा रकाना पाडला होता. तो कोरा.

साहेब माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या ताई तर म्हणत होत्या की बायकांची रांग असते."

रांग असते हे मला ठाऊक होतं. खिडकीतून मी ती रांग कितीदा पाहिली होती. पण त्या क्षणी माझ्यासमोर कागद होता आणि कागदापुढे मला माझे डोळेसुद्धा खोटे वाटायचे. शिवाय मनात एक वाईट विचार आला, तोही लिहून टाकते: बायला सगळंच जरा वाढवून सांगायची सवय आहे. मी म्हटलं, "साहेब, मोजणी ती मोजणी."

त्याने शेऱ्याच्या जागी लिहिलं, पादचारी नगण्य. मी तिठ्यावरचं क्रॉसिंग पुसलं, कट्टा पुसला आणि दुभाजकाच्या दोन तुटक्या रेघा जोडून एक केल्या. पाच मिनिटांचंही काम नव्हतं ते. बायला सांगितलं, वरून नाही म्हणाले. ती म्हणाली, "जाऊंदे, तू तरी काय करशीत." तिने माझी कीव केली याचा मला तेव्हा काही अर्थ लागला नाही.

रस्ता झाला. गुळगुळीत, रुंद, मध्ये कमरेच्या वर जाणारा सिमेंटचा दुभाजक. बायपासचं काम रखडलं ते रखडलंच, त्यामुळे अवजड गाड्याही इथूनच, आणि आता पहिल्यापेक्षा वेगाने. सगळ्यांसाठी काढलेला रस्ता शेवटी ज्यांचा आधी होता त्यांचाच झाला.

बायकांनी आपली रीत काढली. तिठ्यावर यायच्या, एक जण हात रिकामे करून दुभाजक चढून पलीकडे उतरायची, अलीकडे थांबलेली बाई एकेक पाटी तिच्या हातात द्यायची, मग एकेक बाई चढून जायची. शेवटी पलीकडे पुन्हा पाट्या एकमेकींच्या डोक्यावर द्यायच्या. गाड्या हॉर्न मारत दोन्ही अंगांनी जायच्या. मी खिडकीतून बघायची आणि चिडायची ती त्यांच्यावर. शाळेच्या क्रॉसिंगपर्यंत चालत जायला काय होतं यांना! तिथवर जाऊन परत मागे यायचं, डोक्यावर ओझं, ऊन चढलेलं आणि पाटीतली कोळंबी नासत चाललेली, हे मला ऑफिसातल्या पंख्याखाली कसं सुचावं?

बाय त्या सगळ्यांत वयाने मोठी. म्हणून ती सगळ्यांच्या पाट्या उचलून द्यायची आणि स्वतः शेवटी जायची. तिची पाटी उचलून द्यायला अलीकडे कुणी उरत नसे आणि पलीकडच्या तोवर एकमेकींच्या डोक्यावर पाट्या देण्यात गुंतलेल्या. एका सकाळी ती पाटी कमरेवर धरूनच दुभाजक चढली. वर गेली आणि पलीकडे कोसळली. गाडीचा धक्कासुद्धा लागला नाही. एक टेम्पोवाला तर बिचारा करकचून ब्रेक मारून तिला उचलायला उतरला. खुब्याचं हाड मोडलं होतं. गाडीने ठोकरलं नाही, म्हणून अपघात नाही, म्हणून कुठे नोंदही नाही.

ऑपरेशन झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी तिच्याजवळ बसले होते. तिला जरा बरं वाटत होतं, केस विंचरून मागत होती. विंचरता विंचरता, म्हणजे तिचं तोंड माझ्याकडे नसताना, मी विचारलं, "बाय, ती मोजणी झाली ना, तवा तुम्ही कुनीच कशा नव्हता गो?"

"कवाची मोजनी?"

"अष्टमीच्या सुमाराची."

ती हसली. हसताना दुखलं तशी कण्हली आणि पुन्हा हसली. "अष्टमीला भांग नाय का? भांगाला पान्याला वढच नसते, जाल्यान काय गावनार? आम्ही भांगाला घरी. उधान लागला का येतो. अमावशा, पुनव, आनि त्यांच्या मागचे-फुडचे दिवस." मग म्हणाली, "तुला ठाव नाय? इतकी वर्षां माझी कोलंबी खातंस."

फणी माझ्या हातातच राहिली. काही दिवस दिसायची, काही दिवस गायब व्हायची. ती समुद्राच्या हिशोबाने चालत होती आणि मी तिला घरकामात गुंतलेली समजत होते. ज्या दिवशी तिच्या गावातली एकही बाई घराबाहेर पडत नाही, नेमके तेच दिवस मी तिच्या मोजणीसाठी निवडले होते. खाडीवरचं शेंबडं पोरही तिथी सांगितली की पाणी कधी चढेल ते सांगतं. मला फक्त अमावस्या अशुभ असते एवढं ठाऊक.

"ते दिवस म्या निवडले गो," मी म्हटलं.

मी पाठीमागून तिचा चेहरा बघू शकत नव्हते आणि बघायचाही नव्हता. ती म्हणाली, "मला इचारायचंस. मागच्या दारीच तर येत व्हते."

एवढंच. ती ओरडली असती, तिने मला हाकलून दिलं असतं तर मी ते सोसलं असतं. तिने आपली वेणी पुढे घेतली आणि बाकीची स्वतःच घातली.

मी साहेबाला फोन केला. तो तेव्हा दुसऱ्या कामावर गेला होता. सगळं सांगितलं, काही न लपवता. तो म्हणाला, "मलाही सुचायला हवं होतं, मॅडम." त्याने पत्रं लिहिली, चार ठिकाणी खेपा घातल्या, हे मी त्याच्या बाजूने सांगायला हवं. पावसाळा गेला, आणखी महिने गेले. बाय पडल्यापासून मी ऑफिसची ती खिडकी लावूनच घेतली होती, बाजारातही पाय टाकला नव्हता. शेवटी निरोप आला की एक दिवस फेरमोजणी करून पाठवा, मग बघू.

या वेळी मी अमावस्या धरली आणि बायलाही तसं कळवलं. कुणाला रोजावर घेतलं नाही. सूर्य उगवायच्या वेळी तिठ्यावर स्टूल टाकलं, मांडीवर पॅड घेतलं, पाटीवाल्यांचा रकाना पहिल्याच ओळीत आखला आणि बसले. भरती-ओहोटीचं वेळापत्रक या वेळी स्वतः मिठागरावर जाऊन विचारून आले होते. उधाण जोराचं होतं. बायका येणारच होत्या.

आठ वाजले. नऊ वाजले. रस्त्यावरून ट्रक जात होते, मोटरसायकली जात होत्या. खाडीकडच्या रस्त्यावर कुणी दिसेना. दहाच्या सुमाराला तिकडून एक टेम्पो आला. मागे प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक रचलेले, त्यांतून बर्फाचं पाणी गळत होतं. वळणावर तो हळू झाला तशी मी उठून ड्रायव्हरला हात केला आणि बायका कुठे आहेत म्हणून विचारलं.

"आता कोन चालत येतंय, ताई," तो म्हणाला. "ती म्हातारी पडली तवापासून बाकीच्यांनी धसका घेतला. गाडी बांधावर जाते ना. पानी उतरला का सगला तिथंच उचलतो." आणि गेला.

मी तरी ऊन उतरेपर्यंत बसले. चुकून एखादी येईल, पाहुणीरावळी का होईना. पेन माझ्या हातात होतं. वीस-पंचवीस रेघा मारायला कितीसा वेळ लागतो? पूर्वी बायका असायच्याच की, रेघा मी फक्त उशिरा मारल्या असत्या. पण माझा हात उठला नाही. जागेवर नसलेलं कागदावर काढायचं नाही, ही आयुष्यभराची शिस्त त्या दिवशी मला नकोशी झाली होती आणि सुटतही नव्हती. रकाना कोरा ठेवून मी सही केली. पहिली मोजणी माझ्या मूर्खपणाने चुकली होती. ही दुसरी अगदी बिनचूक होती. साहेबाला फोनवर सांगितलं, कुणी नाही. तो म्हणाला, पाठवा तसंच.

बाय तेव्हा रोह्याला होती. तिचा मुलगा धाटावच्या कंपनीत, रोह्यात खोली घेऊन राहणारा. ऑपरेशनपासून त्याने तिला तिकडेच नेलेलं. गावाशी तिचा संबंध जवळजवळ तुटला होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने मी गेले. मुलगा शिफ्टला होता, सून भांडी घासत होती. बाय खिडकीशी वॉकर धरून बसली होती. मला बघताच म्हणाली, "काल अमावशा व्हती. बसलीवतीस ना?"

"बसलेवते."

"गेल्या का आमच्या बायका?"

गाडीत बसल्यापासून मी मनाशी घोकत होते की खरं सांगायचं, एकदाच सांगून मोकळं व्हायचं. तिच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, "गेल्या गो. लय गेल्या. पान भरलं."

"मंग आता सोडतील ना मधी वाट?"

"सोडतील."

तिने वॉकरच्या दांडीवर दोन्ही हात ठेवले आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. पाय आता टेकतोय म्हणाली, डॉक्टर उगाच भीती घालतो, शिमगा झाला की मी गावाला जाणार. मी हो ला हो करत गेले. मग तिला एकदम काळजी वाटली.

"बाजारान माझी बसायची जागा कुनी घेतली नाय ना?"

स्टेशनला निघताना मी बाजारातून आले होते. खाडीवाल्या बायकांची सगळी ओळ रिकामी होती.

"नाय गो," मी म्हटलं, "कुनी नाय घेतली." त्या दुपारी तिला सांगितलेलं तेवढंच खरं होतं.